बाबांच्या अंगठ्याएवढा खड्डा

मला फक्त एक चेहरा वाचवायचा होता आणि प्रॉब्लेम हा होता की तो चेहरा तिथे नव्हताच. थांबा, नीट सांगते, मी टाईप करताना नेहमी पुढे पळते.

आमच्या ठाकुर्लीच्या घरात, किचनमध्ये, फ्रिजच्या बाजूला देव्हारा आहे. त्यात टाक आहेत. टाक म्हणजे चांदीच्या पातळ पत्र्यावर ठोकून उठवलेले देव, काडेपेटीपेक्षा जरासेच मोठे. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे, म्हणजे खंडोबा आलाच. घोड्यावर बसलेला, हातात तलवार, खाली कुत्रा. घोडा अजून मस्त आहे, लगामसुद्धा दिसतो, कुत्र्याची शेपटी दिसते. पण वर बसलेल्याला तोंडच नाही. डोळे नाहीत, नाक नाही, मिशी नाही. तिथे नुसती गुळगुळीत चांदी आणि एक छोटासा खड्डा.

तो खड्डा माझ्या बाबांनी केला.

म्हणजे मुद्दाम नाही. बाबा डोंबिवली एमआयडीसीत फर्स्ट शिफ्टला होते. पहाटे नळाला पाणी आलं की आधी भरून ठेवायचे, मग अंघोळ, मग तसेच ओल्या केसांनी देवासमोर. टाक पाण्यात बुडवायचे, कालच्या उदबत्तीची राख चिमटीत घ्यायचे आणि अंगठ्याने घासायचे. कपडा नाही, ब्रश नाही, अंगठाच. घासताना ओठ हलत असायचे, त्यातलं अर्धं देवाला असायचं आणि अर्धं आईला. "टाकीचं झाकण लावलंस का" हे वाक्य मी लहानपणापासून स्तोत्राच्या चालीत ऐकलंय. लग्न झाल्यावर आजोबांनी टाक त्यांच्या हातात दिले, तेव्हापासून रोज सकाळी हेच. ताप असला तरी, बंद असला तरी, कंपनीत संप असला तरी.

बाबा गेले. ते कसं झालं ते मला इथे लिहायचं नाहीये.

मी चित्रकार आहे, मिक्स मीडिया करते. कागद, कापड, मेण, माती, राख, जे हाताला लागेल ते एकावर एक. ठाण्याला आम्हा काही नव्या लोकांचं एकत्र प्रदर्शन ठरलेलं आणि माझा विषय होता वेळ आणि जुने विधी. हा विषय मी खूप मोठ्या तोंडाने सांगायचे सगळ्यांना, रिक्षावाल्यालासुद्धा सांगितलेला. केलेलं काय, तर दगडाला शेंदूर, तांदळाच्या पिठाची वर्तुळं, दोरे, घंटा. कॉलेजच्या आमच्या सरांना फोटो पाठवले. त्यांचा व्हॉइस मेसेज आला, "बाळा, हे सगळं तू इंटरनेटवर बघितलंयस. तुझ्या घरात काय झिजलंय ते बघ."

मी मेसेज ऐकला तेव्हा किचनमध्ये मॅगी करत होते. आणि समोर तो बिनतोंडाचा खंडोबा. लिटरली गॅस बंद केला.

पातळ कागद टाकावर ठेवला, वरून काजळ हलक्या हाताने घासलं. घोडा वर आला, कुत्रा आला, तलवारीचं टोक आलं. आणि मधे मोकळी जागा. मी दुसरा कागद घेतला, हळद घेतली. परत तेच. मग राख. त्या दुपारी मी इतके ठसे काढले की ओट्यावर जागा उरली नाही. मला कळत होतं की मला काहीतरी सापडलंय. घड्याळात काटे फिरतात, इथे अंगठा फिरलाय. एवढी वर्षं रोज सकाळी थोडं थोडं, आणि ते सगळं साठलंय कुठे, तर जे नाहीये त्याच्यात. मी हे मैत्रिणीला टाईप केलं, तिने नुसते डोळे फाडलेले इमोजी पाठवले.

मग मी माझा अंगठा त्या खड्ड्यात ठेवून बघितला. बसला नाही नीट. माझा अंगठा बारीक आहे, तो आत हलत होता. दोन्ही बाजूंना थोडी थोडी जागा उरत होती. ती उरलेली जागा बाबांची होती. माणूस गेल्यावर त्याचे शर्ट राहतात, चष्मा राहतो, पण ते काय, दुकानातून आणलेलं असतं. हे एकच असं होतं जे त्यांनी स्वतःच्या कातडीने बनवलेलं.

आणि त्याच आठवड्यात घरात विषय निघाला की देव उजळायला टाकायचे.

दादाचं लग्न ठरलेलं. बाबा गेल्यावर एक तर वर्षाच्या आत करा, नाहीतर मग तीन वर्षं थांबा असं आमच्याकडे असतं. मुलीकडचे थांबायला तयार नव्हते, सो वर्षाच्या आत. आणि लग्नाआधी देव सोनाराकडे जातात, ही पण पद्धत. लग्न म्हणजे देवांनी आधी नटायचं, मग माणसांनी. सोनार त्यांना उजळतो, आणि फार झिजले असतील तर ठशावर ठेवून परत ठोकतो. डोळे नवीन, नाक नवीन, मिशी नवीन. खड्डा गायब.

मी आईला बोलले, "खंडोबा राहू दे ना. बाकीचे दे."

आई पत्रिकांना हळद-कुंकू लावत बसलेली. "खंडोबाच राहू दे? ज्याचं तोंड गेलंय तोच राहू दे?"

"अगं ते तोंड बाबांनी..."

"मला माहितीय कुणी."

काका कल्याणहून आलेले, ते बाबांचे धाकटे भाऊ. ते चहात खारी बुडवत बोलले, "नवरा-नवरी वाकणार कुणापुढे? पत्र्यापुढे?"

"काका, ते मला कामासाठी पण हवंय. माझं प्रदर्शन आहे."

"देवाला तोंड नाही आणि हिला प्रदर्शन आहे," काका खारीला बोलले, म्हणजे बघत तिच्याकडेच होते. "मग असं कर, नवीन देव आम्ही करतो, जुना खाडीत सोडू. तू खाडीत जाऊन कर प्रदर्शन."

"खाडीत कशाला, मी ठेवते ना. माझ्या कपाटात."

"देव कपाटात ठेवणार. ब्रशांच्या शेजारी." त्यांनी आईकडे बघितलं. "वहिनी, हिला जरा सांगा. घरात एकच खंडोबा असतो. दोन झाले की पूजा कुणाची करणार आणि उपाशी कुणाला ठेवणार?"

मी इतकं वाचलेलं विधींबद्दल, आणि या एका वाक्यापुढे काहीच चाललं नाही, कारण ते बरोबरच होतं.

दादा मोबाईलमधून डोकं वर न काढता बोलला, "फोटो काढ ना. मॅक्रो मोड आहे माझ्या फोनला. एकदम क्लिअर येतं."

"फोटोत खड्डा दिसतो रे, लागत नाही."

"म्हणजे?"

"काही नाही. तू हॉलवाल्याला फोन कर."

रात्री भांडी घासताना मी परत आईच्या मागे लागले. तिने नळ बंद केला, हात पुसले आणि शांतपणे जे बोलली त्यानंतर मला खरं तर गप्प बसायला हवं होतं. ती बोलली, "तुझ्या बाबांनीच ठरवलेलं. रोज घासून झालं की बोलायचे, देवा, तुझं तोंड माझ्या हातून गेलं. पोराच्या लग्नात नवं करून देतो. लाज वाटायची त्यांना. पाहुणे आले की खंडोबा मागच्या रांगेत ठेवायचे, बघितलं नाहीस कधी?"

बघितलेलं. मला वाटायचं जागा कमी पडते म्हणून.

म्हणजे मी ज्याला बाबांची सही समजत होते ती त्यांच्यासाठी चूक होती, आणि ती दुरुस्त करायचं त्यांनी कबूल केलेलं, तेही देवाला. आता मी कुणाशी भांडणार? आई बाबांचा शब्द पाळत होती. काका पद्धत पाळत होते. सोनार त्याचं काम करणार होता. सगळेच्या सगळे बरोबर होते आणि मला हवं होतं की त्या सगळ्यांनी मिळून ते थांबवावं.

मग मी ठरवलं की साचा घ्यायचा. ठशात कागद वरवरचं धरतो, साच्यात खोली येते. प्लास्टर ओतलं की तोच खड्डा, तेवढाच, माझ्याकडे कायमचा. टाक शनिवारी जाणार होते. शुक्रवारी संध्याकाळी मी आमची ती मऊ मॉडेलिंगची माती घेतली, जी कॉलेजपासून वापरतेय, हाताने गरम करून मळली, आणि देवाची माफी मागून खंडोबाला त्यात चेहऱ्याच्या बाजूने दाबला. वर पुस्तकं ठेवली. माती गार झाल्यावर सकाळी काढायचं म्हणून झोपले. आईला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर नाही बोलली असती.

सकाळी आईच्या आवाजाने उठले. ती ओरडत नव्हती, ते जास्त वाईट होतं. ती नुसती "अगं बाई, अगं बाई" करत होती. देव्हाऱ्यात खंडोबा दिसला नाही म्हणून तिने शोधला, माझ्या टेबलावर पुस्तकांखाली सापडला, आणि तिने तो मातीतून ओढून काढलेला. आणि खंडोबा काळा पडलेला. पूर्ण काळा, तव्याच्या बुडासारखा.

नंतर कळलं की त्या मातीत गंधक असतं आणि चांदीला गंधक लागलं की ती काळी पडते. कॉलेजात एवढी वर्षं ती माती मळली, मला कुणी हे सांगितलं नव्हतं, कारण कॉलेजात कुणी देव दाबत नाही मातीत. पण त्या वेळी काय माहीत होतं. लग्नघर, आणि कुलदैवत काळं. दादा दाढीचा फेस लावलेलाच बाहेर आला. आईने पदराने टाक पुसायला सुरुवात केली, वरवरचं काळं थोडं निघालं, आणि मग ती थांबली.

"हे बघ," ती बोलली.

त्या गुळगुळीत जागेत डोळे होते.

सिरीयसली. चांदी झिजली तरी अगदी बारीक, केसाएवढ्या रेघा खाली शिल्लक होत्या, ज्या नुसत्या डोळ्याला दिसत नव्हत्या, बोटालाही लागत नव्हत्या. काळं नेमकं त्यांच्यात जाऊन बसलेलं. दोन लांबट डोळे, भुवया, मिशीची एक बाजू. तो आमच्याकडे बघत होता. म्हणजे मी जन्माला आल्यापासून ज्याला तोंड नव्हतं तो बघत होता. दादाच्या गालावरून फेस खाली टपकला फरशीवर. तो हळूच बोलला, "हा तर आजोबांसारखा दिसतो."

"आजोबा ह्याच्यासारखे दिसायचे," आईने त्याला सुधारलं, आणि टाक हातात धरूनच डोळे मिटले.

मी फोन आणायला पळाले. फोन चार्जिंगला होता हॉलमध्ये, लग्नाच्या बस्त्याच्या पिशव्यांमागे, आणि लॉक उघडेना कारण माझ्या बोटांना माती. हात पुसला, परत केलं, पळत किचनमध्ये आले. नळ चालू होता. आईने लिंबू कापलेलं, त्यावर राख घेतलेली आणि ती घासत होती. जोरजोरात, अंगठ्याने.

"आई थांब ना, थांब, फोटो..."

"काळा देव घेऊन जाऊ सोनाराकडे? काय म्हणेल तो, काय केलं ह्यांनी?"

"अगं एक मिनिट."

"एक मिनिट, एक मिनिट करूनच झालंय हे सगळं."

पाणी काळं होऊन बेसिनमधून गेलं. टाक पांढरा झाला. गुळगुळीत. डोळे नाहीत, नाक नाही. आईने तो ओल्या हाताने माझ्यासमोर धरला, जणू हिशोब मिटला असं. मी फोन हातात घेऊन तशीच उभी होते, कॅमेरा चालू, स्क्रीनवर आमची फरशी.

साच्याचं काय झालं ते पण सांगते. आईने घाबरून टाक खेचला तेव्हा माती दबलेली. तरी मी ती नंतर डब्यात घालून दिवा स्टेशनजवळ नेली, तिथे मैत्रीण आणि मी मिळून एक खोली घेतलीय कामाला, भाडं परवडतं म्हणून. त्या दिवशी तिथे पाणी नव्हतं, दिव्यात नसतंच, मग प्यायच्या पाण्याच्या बाटल्या आणून प्लास्टर कालवलं. मैत्रीण बोलली, "बिसलरीचा देव." हसलो आम्ही. प्लास्टर सुकल्यावर उलटं केलं. घोड्याचे मागचे पाय आलेले, कुत्रा अर्धा. आणि जिथे खड्डा यायला हवा होता तिथे आईची तीन बोटं. रेघांसकट. घाबरलेली.

"हे पण भारी आहे यार," मैत्रीण बोलली. मला बरं वाटावं म्हणून बोलली, मला माहितीय.

त्याच शनिवारी, ठरल्याप्रमाणे, आईने टाकांवर अक्षता टाकल्या. देवांना असं उचलून नेत नाहीत, विचारून उठवतात. "चार दिवस बाहेर जाऊन ये रे बाबा, घर तुझंच आहे," असं ती खंडोबाला बोलली, मामाकडे जाणाऱ्या मुलाला बोलतात तसं. त्यांच्या जागी सुपाऱ्या मांडल्या. टाक नव्या पिवळ्या फडक्यात बांधून माझ्या मांडीवर, आणि दादाच्या ॲक्टिव्हावरून आम्ही कल्याणला. पूर्ण रस्ता मी फडक्यावरून अंगठा फिरवत होते, खड्डा शोधत. कापडातून कळत नव्हतं.

सोनार काकांच्या ओळखीचा. फोनवर कुणाला तरी लोणावळ्याचं बुकिंग कॅन्सल करायला सांगत होता. त्याने खंडोबा उचलला, पालथा केला, मग दिव्यासमोर धरला.

मी घाईघाईने सोनाराला बोलले, "दादा, हा नुसता उजळून द्याल का? ठोकू नका. प्लीज."

माझ्या दादाने माझ्याकडे बघितलं, पण मला अडवलं नाही. ते त्याने माझ्यासाठी केलं, ते माझ्या लक्षात आहे.

सोनाराने फोन खाली ठेवला. "इकडे या," तो बोलला. मला टाक दिव्यासमोर धरून दाखवला. बरोबर खड्ड्याच्या मधोमध एक ठिपका उजेड आरपार येत होता. सुईच्या टोकाएवढा. "पत्रा गेलाय. अजून थोडे दिवस घासलं असतं तर भोक. मागून चांदी घालून ठोकावाच लागणार. नाहीतर लग्नातल्या अभिषेकालाच फाटेल."

मी त्या ठिपक्याकडे बघत राहिले.

"तुम्हाला नक्की काय ठेवायचंय ह्यातलं?" त्याने विचारलं. चिडून नाही, खरंच विचारलं. खड्डा ठेवायचाय असं सोनाराला कसं सांगणार? मी टाक एकदा हातात मागितला. अंगठा ठेवला. दोन्ही बाजूंना जागा उरली. मग परत दिला.

लग्न छान झालं. देव झळझळीत. काकांनी सगळ्या पाहुण्यांना बोलावून बोलावून खंडोबा दाखवला, पहिल्या रांगेत, मध्ये. मी पण नाचले हळदीला, खोटं का बोलू.

प्रदर्शनात मी बाबांचा पंचा लावला, त्यावर ते सगळे कागदाचे ठसे शिवून, हळद, काजळ, राख, आणि खाली काचेत आईच्या बोटांचं प्लास्टर. ठाण्याच्या त्या हॉलमध्ये लोक येत होते, वाचत होते, "इंटरेस्टिंग" बोलत होते. आई आली. तिने प्रत्येक कागद नीट बघितला. शेवटी विचारलं, "ते डोळे कुठायत?"

"ते तू धुतलेस ना आई."

"हो ना," ती बोलली आणि पुढच्या चित्राकडे गेली, जे दुसऱ्याच कुणाचं होतं.

आता पूजा दादाकडे आलीय. परवा सकाळी मी चहा करत होते, तो घाईत, ऑफिसचा शर्ट अर्धा आत. टाक पाण्यातून काढला, राख घेतली, अंगठा फिरवला आणि हात झटकला.

"आई गं. टोचतंय ह्याचं नाक."

"टोचू दे," आई बोलली. "तुझ्या बाबांना पण टोचायचं सुरुवातीला. चिंधी गुंडाळायचे अंगठ्याला."

दादाने खिडकीतला जुना टूथब्रश घेतला.

"ब्रशने नको ना," मी बोलले. "अंगठ्याने कर."

"का?"

मी चहाचा गॅस बारीक केला. "मग मी करते. रोज मी करते पूजा."

"कर की," आई बोलली. "तुझं लग्न होईपर्यंत कर."

"आणि नंतर परत माझ्यावरच," दादा बोलला. त्याने तरी टाक माझ्या हातात दिला. मी अंगठा ठेवला. भुवया लागल्या, मिशी लागली, नाक खरंच टोचलं. चांदी नवीन होती, गार. अंगठा कुठेच आत जात नव्हता, वरच राहत होता.

"दे लवकर," दादा ब्रश पुढे करून बोलला. "पाणी जाईल."